रस्त्याचा खर्च कोणी द्यावा? लिबर्टेरियन विचारांतील मतभेद आणि कॅलिफोर्नियाच्या ९१ क्रमांकाच्या महामार्गाचा अनुभव

दक्षिणवाट

अमेरिकेत रस्त्यांचा खर्च इंधनावरील करातून भागवण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. ओरेगन राज्याने १९१९ साली पेट्रोलवर गॅलनमागे एक सेंट कर बसवला आणि तो रस्त्यांसाठी राखून ठेवला. पुढील दहा वर्षांत बाकीच्या राज्यांनीही इंधनकर लावले. १९५६ साली आंतरराज्य महामार्गांसाठी केंद्रीय महामार्ग निधी स्थापन झाला, तेव्हाही तत्त्व हेच होते: जो रस्ता वापरतो तो इंधन जाळतो, जो इंधन जाळतो तो कर भरतो आणि तो कर रस्त्यावरच खर्च होतो. आज या तिन्ही गोष्टी डळमळीत झाल्या आहेत. केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटवर थांबलेला आहे आणि महागाईमुळे त्याचे खरे मोल निम्म्याहूनही खाली आले आहे. नव्या गाड्या कमी इंधनात अधिक अंतर कापतात, विजेवरची गाडी हा कर भरतच नाही, आणि जमा रकमेतला काही भाग शहरांतील सार्वजनिक वाहतुकीकडे वळतो. २००८ पासून हा निधी सर्वसाधारण तिजोरीतून पुन्हा पुन्हा भरून काढावा लागत आहे. म्हणजे जो गाडी चालवत नाही तोही रस्त्याचे पैसे देतो, आणि जो रोज दोनशे मैल चालवतो त्याला आपला वाटा किती हे कळतही नाही.

अशा वेळी लिबर्टेरियन विचारवंत, म्हणजे व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि खाजगी मालमत्ता यांना राज्यसंस्थेच्या अधिकारापेक्षा वरचे स्थान देणारे लोक, रस्त्यांबद्दल नेमके काय म्हणतात हे नीट वाचण्याची गरज आहे. "मग रस्ते कोण बांधणार?" एवढा एक प्रश्न टाकून त्यांना गप्प करण्याची रीत पडून गेली आहे, आणि त्यामुळे त्यांचे आपापसांतील मतभेद बहुतेकांपर्यंत पोहोचतच नाहीत. ते मतभेद लहान नाहीत. मरे रॉथबार्ड आणि वॉल्टर ब्लॉक यांच्या मते प्रत्येक रस्ता, अगदी गल्लीसुद्धा, खाजगी मालकीचा असावा. दुकानदाराला गिऱ्हाईक हवे असते आणि जमीन विकसित करणाऱ्याला घरे विकायची असतात, तेव्हा रस्ता करून देणे त्यांच्याच हिताचे असते, असे ते मांडतात. ब्लॉक यांचा भर अपघातांवर आहे: सरकारी रस्त्यावर दरवर्षी हजारो माणसे मरतात, तरी त्या रस्त्याच्या व्यवस्थापकाचे काहीच बिघडत नाही, मालकाचे उत्पन्न आणि नाव पणाला लागले तर तो रस्ता सुरक्षित करील.

मिल्टन फ्रीडमन यांची भूमिका पुष्कळ सावध होती. दोन शहरांना जोडणारा, चढण्या-उतरण्याच्या मोजक्याच जागा असलेला महामार्ग टोलवर चालू शकतो, म्हणून तो खाजगी असायला हरकत नाही. पण शहरातील रस्त्यांना शेकडो फाटे फुटतात, तिथे कोणी किती वापर केला हे मोजण्याचा खर्चच वसुलीपेक्षा जास्त होईल, म्हणून तिथे इंधनकर हा ओबडधोबड पण चालण्यासारखा उपाय आहे, असे ते १९६२ साली लिहीत होते. गॅब्रिएल रॉथ आणि रॉबर्ट पूल यांच्यासारखे तिसऱ्या वळणाचे लोक मालकीच्या वादात फारसे अडकत नाहीत. रस्त्याला दर असावा, तो दर गर्दीनुसार बदलावा, जमा रक्कम वेगळ्या निधीत राहावी आणि राजकारण्यांना ती अन्यत्र वळवता येऊ नये, यावर त्यांचा जोर आहे. ब्रिटनमध्ये १९६४ साली रस्त्यांच्या दरआकारणीवर रूबेन स्मीड यांच्या समितीचा जो अहवाल आला, त्या समितीत रॉथ होते. त्यामुळे ही कल्पना काही कालची नाही.

या सगळ्या मांडणीची परीक्षा पाहण्यासारखा रस्ता माझ्या रोजच्या वाटेवर आहे. मी रिव्हरसाइड काउंटीत राहतो आणि कामासाठी ऑरेंज काउंटीत जातो. मधे डोंगर असल्यामुळे ९१ क्रमांकाच्या महामार्गावाचून सोयीची दुसरी वाट नाही. या महामार्गाच्या मध्यभागी, दुभाजकाच्या मोकळ्या पट्ट्यात, एका खाजगी कंपनीने स्वतःचे भांडवल घालून दहा मैलांच्या चार मार्गिका बांधल्या. १९८९ च्या राज्याच्या कायद्याने त्याला वाट करून दिली होती आणि डिसेंबर १९९५ मध्ये त्या सुरू झाल्या. नाका नाही, दांडा नाही, सुटे पैसे नाहीत; काचेवरच्या यंत्रावरून रक्कम आपोआप वजा होते. दर तासागणिक बदलतो आणि त्याचे वेळापत्रक आधीच प्रसिद्ध केलेले असते. सर्वांत महाग वेळ शुक्रवारची, दुपारनंतर पूर्वेकडे घरी परतण्याची. प्लास्टिकच्या खांबांच्या ओळीपलीकडे फुकटच्या मार्गिका तुंबलेल्या दिसतात आणि अलीकडे गाड्या वेगाने चालत राहतात. फुकट जायचे की पैसे देऊन जायचे हे ज्याचे त्याने त्या दिवसाच्या निकडीप्रमाणे ठरवायचे. मुलाला पाळणाघरातून वेळेत आणायचे असेल त्या दिवशी कमी मिळकतीचा माणूसही पैसे देतो, आणि सधन माणूसही घाई नसेल तेव्हा फुकटच्या बाजूने जातो, हे मी माझ्या सहकाऱ्यांमध्ये पाहतो.

येथपर्यंत हे लिबर्टेरियन मताचे यशच आहे. परंतु कराराच्या आत एक अट होती. टोलच्या मार्गिकांच्या दोन्ही बाजूंना दीड मैलाच्या पट्ट्यात, २०३० पर्यंत, राज्याने रस्त्याची क्षमता वाढवायची नाही. १९९९ मध्ये राज्याच्या वाहतूक खात्याने सुरक्षिततेसाठी फुकटच्या भागात काही जोडमार्गिका आखल्या, तेव्हा कंपनी न्यायालयात गेली आणि खात्याला माघार घ्यावी लागली. लोकवस्ती वाढत होती, कोंडी वाढत होती आणि ती सोडवण्यावर कराराने बंदी होती. शेवटी जानेवारी २००३ मध्ये ऑरेंज काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणाने वीस कोटी पंच्याहत्तर लाख डॉलर देऊन त्या मार्गिका विकत घेतल्या आणि ती अट संपवली. टोल मात्र चालू राहिला, गर्दीनुसार बदलणारा दरही तसाच राहिला, आणि २०१७ मध्ये त्या मार्गिका रिव्हरसाइड काउंटीत पुढे नेण्यात आल्या.

माझे मत असे आहे की वापरानुसार दर आणि त्या दराचा वेगळा निधी ही या विचारसरणीने दिलेली खरी मोलाची गोष्ट आहे आणि ती स्वीकारावी. रस्त्याच्या मालकीचा आग्रह मात्र सोडावा, कारण ज्याला पर्यायी वाट नाही त्याच्यासमोर मालक आणि सरकार यांत फरक उरत नाही. यावर जाणकारांनी लिहावे.

मुक्तद्वार

धाग्याची मांडणी अभ्यासपूर्ण आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. ९१ च्या करारातील ती अट बाजारातून आलेली नाही. शेजारी त्याच वाटेवर करदात्यांच्या पैशांतून फुकटचा रस्ता चालवणारा प्रतिस्पर्धी असेल आणि तो स्वतःच परवाना देणाराही असेल, तर कोणताही भांडवलदार असे संरक्षण मागणारच. उद्या सरकारने एखाद्या खानावळीशेजारी फुकट जेवण वाढायला सुरुवात केली, तर खानावळवाला काय करील? त्या अटीचा दोष खाजगी मालकीकडे जात नाही. राज्याची मक्तेदारी आणि खाजगी पैसा यांची जी अर्धवट मोट बांधली गेली, तिच्याकडे तो जातो.

खाजगी रस्ते कल्पनेत नाहीत, इतिहासात आहेत. फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा बासष्ट मैलांचा रस्ता १७९२ मध्ये सनद मिळालेल्या कंपनीने बांधला. त्याच्या समभागांना मागणी इतकी आली की सोडत काढावी लागली. त्यानंतरच्या काही दशकांत ईशान्य अमेरिकेत अशा शेकडो कंपन्या निघाल्या. डॅनियल क्लाइन या अर्थशास्त्रज्ञाने त्यांच्या हिशेबांचा अभ्यास केला आहे. त्यात दिसते की बहुतेक कंपन्यांनी अत्यल्प लाभांश दिला आणि ते भागधारकांना आधीपासून ठाऊक होते. तरीही गावच्या शेतकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी, गिरणीवाल्यांनी समभाग घेतले, कारण रस्ता झाला की जमिनीला भाव येणार होता, माल बाजारात जाणार होता आणि गावातल्या गावात वर्गणी न देणाऱ्याकडे लोक बोट दाखवणार होते. सरकारने सक्ती केली नाही तर कोणी पैसे देणार नाही, हे गृहीतच त्यामुळे चुकीचे ठरते. आपल्या गावांतही देऊळ, तालीम, वाचनालय वर्गणीतूनच उभे राहिले आहे.

शहरातील गल्ल्यांचे म्हणाल, तर मिझुरीतील सेंट लुइस शहरात एकोणिसाव्या शतकापासून अनेक निवासी रस्ते तेथील घरमालकांच्या सामाईक मालकीचे आहेत. खरेदीखतातच देखभालीच्या वर्गणीची अट असते. फ्रीडमन यांना जे अवघड वाटले ते तेथील लोकांनी टोलशिवाय सोडवले आहे.

आणि एक मूलभूत मुद्दा, जो पैशांच्या हिशेबात हरवतो. सरकारी रस्त्याची सुरुवात सक्तीच्या भूसंपादनापासून होते. ज्याची जमीन जाते त्याची संमती कोणी विचारत नाही. खर्च कोणी द्यावा या प्रश्नाआधी जमीन कोणाची, हा प्रश्न आहे.

वसुधा

मुक्तद्वार यांनी जमिनीचा मुद्दा काढला हे बरे झाले, कारण माझी हरकत तिथेच आहे. लँकेस्टरच्या कंपनीला सनद कोणी दिली? विधिमंडळाने. इंग्लंडमध्येही टोलचे न्यास संसदेच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन होत, आणि त्या कायद्यानेच त्यांना पूर्वीच्या सार्वजनिक रस्त्यावर फाटक उभारण्याचा अधिकार मिळे. हा इतिहास जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे.

१५५५ च्या कायद्याने इंग्लंडमधील प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गाववस्तीवर, आपल्या हद्दीतील रस्त्यांची जबाबदारी टाकली. गावकऱ्यांनी वर्षातून चार दिवस, पुढे सहा दिवस, फुकट राबायचे. थोडक्यात ती वेठ होती. ज्या गावातून लंडनचा हमरस्ता जाई तेथील लोक परक्यांच्या गाड्यांनी पडलेले खड्डे बुजवत. त्यावर उपाय म्हणून १६६३ मध्ये उत्तरेकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर पहिले टोलफाटक आले आणि अठराव्या शतकात न्यासांची पद्धत रुळली. साधारणतः एकवीस वर्षांची मुदत, विनावेतन काम करणारे स्थानिक विश्वस्त, टोलच्या उत्पन्नावर काढलेले कर्ज आणि वसुलीचा लिलाव. १८३० च्या दशकापर्यंत असे सुमारे एक हजार न्यास वीस हजारांहून अधिक मैलांचे रस्ते सांभाळत होते. त्यांनी रस्ते सुधारले, हे निर्विवाद आहे. मॅकॅडम यांची खडीच्या रस्त्याची पद्धतही ब्रिस्टलच्या न्यासाच्या कामातूनच नावारूपाला आली. वापरणाऱ्याने द्यावे, हे तत्त्व तेव्हाही न्याय्य होते.

पण वेल्समध्ये काय झाले ते पाहा. तेथील जमीन आम्लयुक्त, त्यामुळे शेतकऱ्याला दरवर्षी चुनखडीच्या भट्टीवरून चुना आणून शेतात टाकावा लागे. चुन्याची किंमत फारशी नसे, पण त्या छोट्या पट्ट्यात अनेक न्यासांची फाटके होती आणि गाडी घरी पोहोचेपर्यंत टोलची रक्कम चुन्याच्या किमतीशी स्पर्धा करू लागे. १८३९ च्या मे महिन्यात एफाइलवेन येथील फाटक शेतकऱ्यांनी फोडले. बायकांचे कपडे घातलेले, तोंडाला काळे फासलेले हे पुरुष 'रिबेका आणि तिच्या मुली' म्हणवून घेत, कारण रिबेकेच्या वंशजांना शत्रूची फाटके मिळतील असे वचन बायबलमध्ये आहे. १८४३ पर्यंत हे बंड धुमसत राहिले आणि १८४४ मध्ये संसदेला दक्षिण वेल्सचे न्यास एकत्र करून त्यांची सूत्रे काउंटीच्या मंडळांकडे द्यावी लागली. बाकीच्या न्यासांचे कंबरडे रेल्वेने मोडले.

ॲडम स्मिथ यांनी हे १७७६ मध्येच ओळखले होते, आणि ते तर मुक्त बाजाराचे आद्य पुरुष. कालव्याचा टोल खाजगी मालकाला द्यावा, असे ते म्हणतात, कारण त्याने दुर्लक्ष केले तर कालवा बंद पडेल आणि त्याचेच उत्पन्न बुडेल. रस्त्याचे तसे नाही. तो कितीही खराब झाला तरी पूर्ण बंद पडत नाही, म्हणून मालक देखभाल न करता टोल घेत राहू शकतो. त्यामुळे रस्त्याचा टोल विश्वस्तांच्या हाती असावा. हा युक्तिवाद आजही मला खोडता येण्यासारखा वाटत नाही.

राहिला वाटेचा प्रश्न. माझ्या शेताभोवतीची सर्व जमीन एकाने विकत घेतली तर मी बाहेर कशी पडणार? ब्लॉक यांचे उत्तर असे की खरेदी करतानाच वाटेचा करार करून घ्यावा. वडिलोपार्जित शेतीच्या वाटण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे उत्तर पुरेसे वाटणार नाही. आपल्याकडे जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे, तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो, आणि तरीही पाणंद अडवल्याचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. वहिवाटीचा हक्क करारावर सोडला तर दुबळ्याची वाट आधी बंद होते.

खडीडांबर

मी रस्ते बांधणीच्या कामात आहे, म्हणून तात्त्विक वादात न शिरता एक तांत्रिक बाब मांडतो, कारण "वापरणाऱ्याने द्यावे" म्हणताना वापर म्हणजे काय हे कोणीच स्पष्ट केलेले नाही.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज आसावरील, म्हणजे दोन बाजूंची चाके जोडणाऱ्या दांड्यावरील, भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. मोटारीच्या आसावर पाऊण टन आणि भरलेल्या ट्रकच्या आसावर दहा टन भार धरला, तर ट्रकच्या एका आसाने होणारी झीज मोटारीच्या आसाच्या तीस हजार पटींहून अधिक येते. ट्रक मोटारीपेक्षा इंधन काही पट जास्त जाळतो, हजारो पट नाही. टोलचा दरही काही पटच असतो. म्हणजे झिजेच्या हिशेबाने इंधनकर आणि टोल या दोन्हींत मोटारवाला ट्रकवाल्याचा बोजा उचलतो. रुंदी, पूल, बोगदे, उड्डाणपूल यांचा खर्च गर्दीमुळे येतो आणि त्यात मोटारींचा वाटा मोठा, हेही खरे; पण डांबराच्या थराची जाडी ट्रक ठरवतो.

आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. भार तेरा टक्क्यांच्या आसपास वाढला, पण चौथ्या घाताने हिशेब केला तर झीज साठ टक्क्यांनी वाढते. वाहतूकदाराची बचत झाली आणि खर्च रस्त्याच्या मालकाकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी जनतेकडे, गेला. रस्ता खरोखर कोणाच्या मालकीचा असता तर त्याने आपला दर लगेच बदलला असता. या एका बाबतीत लिबर्टेरियन लोकांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते: दर नसला की नुकसान दिसत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची, कारण या चर्चेत अमेरिकेचेच दाखले येत आहेत. रस्त्यासाठी राखीव इंधनकर आपल्याकडे आणण्याची शिफारस मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली होती. १९२७ मध्ये ती नेमली गेली. रस्त्यांचा विकास स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेला आहे, म्हणून पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि वर्षअखेरीस रद्द न होणारा वेगळा निधी ठेवावा, असे तिचे म्हणणे होते. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. २००० मध्ये त्याला नवा कायदा मिळाला आणि २०१८ मध्ये त्याच्या नावात 'पायाभूत सुविधा' हे शब्द आले. मग रेल्वेपासून अन्य कामांपर्यंत तो पैसा जाऊ लागला. राखीव निधीची राखण कायद्यातील एका दुरुस्तीने संपते, हे दक्षिणवाट यांनी लक्षात घ्यावे, कारण त्यांच्या सगळ्या मांडणीचा आधार असा वेगळा निधीच आहे.

कोटितीर्थ

मी कोल्हापूरचा. आमच्या शहरातील अंतर्गत रस्ते बांधा-वापरा-हस्तांतरित करा या तत्त्वावर, तीस वर्षांच्या टोलच्या बोलीवर, खाजगी कंपनीला दिले गेले होते. गोविंद पानसरे आणि एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध लढा झाला, नाके जाळले गेले, आणि शेवटी राज्य सरकारला तो टोल रद्द करून त्याची भरपाई तिजोरीतून करावी लागली.

त्या आंदोलनात मी मोर्चांना गेलो आहे, म्हणून सांगतो: आमचे लोक फुकटे नव्हते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाचा टोल तेच लोक भरत होते, कारण जुना मार्ग शाबूत होता आणि नवा मार्ग घ्यायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या हाती होते. पण आसपासच्या खेड्यांतून दूध, भाजी, रुग्ण, विद्यार्थी घेऊन शहरात येणाऱ्याला दुसरी वाट कोणती? घराच्या उंबऱ्याशी टोल ही कल्पनाच लोकांना पटली नाही. कामाचा दर्जा, पदपथ, गटारे यांबद्दलच्या तक्रारी होत्या त्या वेगळ्या. वसुधा यांनी वेल्सची जी हकिगत सांगितली ती वाचताना मला आमचे शिरोली आणि शाहू नाका आठवले.

फ्रीडमन यांनी महामार्ग आणि शहरातील रस्ते यांत केलेला भेद कोल्हापूरच्या लोकांनी अर्थशास्त्र न वाचता केला, एवढेच मला नोंदवायचे आहे. मुक्तद्वार यांना विचारावेसे वाटते की ज्या करारावर नागरिकाने सही केलेली नाही, त्या कराराने त्याला तीस वर्षे बांधणे हे कोणत्या स्वातंत्र्यात बसते?

मुक्तद्वार

कोटितीर्थ यांचा प्रश्न रास्त आहे. असा करार माझ्याही तत्त्वात बसत नाही. महानगरपालिकेने सार्वजनिक रस्त्यावरची वसुली एकाच्या हवाली करणे, हा वसुलीचा मक्ता झाला. खाजगी मालमत्ता त्यात निर्माण होत नाही. जुन्या काळी महसुलाची इजारदारी असे, तिचाच हा प्रकार आहे. रॉथबार्ड यांनीही त्याचे समर्थन केले नसते. मात्र त्यातून निघणारा धडा माझ्या दृष्टीने असा की आज ज्याला खाजगीकरण म्हणतात त्यातील बहुतेक प्रकल्पांना हे नाव देऊ नये. शिकागो स्कायवे हा टोलरस्ता २००५ मध्ये ९९ वर्षांसाठी भाड्याने देऊन शहराने एकरकमी पैसे घेतले आणि आपली जुनी देणी भागवली. पुढच्या तीन पिढ्यांचा टोल आधीच एकदम उचलला गेला. त्याला मी विरोधच करीन.

वहिवाटीबद्दल वसुधा यांचे म्हणणे मी अंशतः मान्य करतो. पूर्वापार वापरातून निर्माण झालेला वाटेचा हक्क हीदेखील मालमत्ताच आहे आणि नवा मालक तो बुडवू शकत नाही, असे मानणारे लिबर्टेरियन आहेत. मी त्यांच्यापैकी आहे. स्वीडनमध्ये ग्रामीण भागातील रस्त्यांची फार मोठी लांबी खाजगी आहे. रस्त्यालगतच्या मालमत्ताधारकांचा संघ ती सांभाळतो, प्रत्येक मालमत्तेमुळे किती टन किती किलोमीटर जातील याचा अंदाज बांधून वर्गणीचा वाटा ठरतो, आणि ज्या संघाला सरकारी अनुदान घ्यायचे असेल त्याला रस्ता सर्वांसाठी खुला ठेवावा लागतो. खडीडांबर यांनी भाराचा जो मुद्दा काढला तो तेथील खेडुतांनी वर्गणीच्या सूत्रातच घातलेला आहे.

वसुधा

स्वीडनचे उदाहरण चांगले आहे, पण त्यातही संघात सामील होणे सर्वस्वी ऐच्छिक नसते. भूमापन खात्याच्या निर्णयाने ते बंधनकारक होते आणि वर्गणीचा वाटा मालमत्तेला चिकटतो. एक शेजारी अडून बसला तर रस्ता होत नाही, हे तेथील कायद्याने ओळखले आहे. सक्ती राहिलीच, ती फक्त राजधानीतून गावात आली, आणि माझ्या मते तिची योग्य जागा तीच आहे. शिवरस्त्यांसाठी आपल्याकडे असा संघ कायद्याने करता आला तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन.

ऑकलंडवासी

धागा उशिरा पाहिला. न्यूझीलंडमध्ये अंतराप्रमाणे आकारणीची पद्धत १९७८ पासून आहे आणि तिच्यामागे कोणतीही विचारसरणी उघडपणे नव्हती, म्हणून तिचा अनुभव येथे उपयोगी पडेल. पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या पंपावर कर देतात. डिझेलच्या गाड्या आणि अवजड वाहने मात्र हजार किलोमीटरच्या पटीत परवाना विकत घेतात. तो कागद काचेवर लावायचा आणि गाडीतील अंतरमापकाचा आकडा त्यापुढे जाऊ द्यायचा नाही. ट्रकच्या चाकाच्या मध्यावर वेगळा अंतरमापक बसवलेला असतो, आणि दर वजन व आसांची संख्या पाहून ठरतो, त्यामुळे खडीडांबर यांचा चौथा घात पूर्ण नाही तरी बऱ्याच अंशी दरात उतरतो. एप्रिल २०२४ पासून विजेवरच्या गाड्याही यात आल्या. हजार किलोमीटरला ७६ डॉलर, अर्थात येथील डॉलर. माझ्याकडे विजेची गाडी आहे आणि पहिला परवाना घेतला तेव्हा पंपावरच्या भावात लपलेला रस्त्याचा खर्च मला प्रथमच स्वतंत्र आकड्यात दिसला.

रस्ते सरकारी, आकारणी वापरानुसार, जमा राष्ट्रीय भू-वाहतूक निधीत. दक्षिणवाट यांना जे हवे आहे ते बहुतांशी हेच. त्याची एक उणीवही सांगितली पाहिजे: हा कागद गाडी किती चालली एवढेच सांगतो, कुठे आणि केव्हा चालली हे सांगत नाही. त्यामुळे पहाटे निर्जन घाटातून जाणारा आणि सकाळी नऊ वाजता ऑकलंडच्या कोंडीत भर घालणारा, दोघेही सारखेच पैसे देतात.

दक्षिणवाट

सर्वांचे आभार. ऑकलंडवासी यांनी ज्याला उणीव म्हटले, त्याच ठिकाणी मला या विषयातील सर्वांत अवघड निवड दिसते, आणि तिच्याबद्दल लिबर्टेरियन लेखकांमध्येही अस्वस्थता आहे. वेळेनुसार आणि जागेनुसार दर घ्यायचा तर कोणती गाडी केव्हा कुठे होती याची नोंद कोणाकडे तरी राहणार. ९१ वर माझ्या काचेवरचे यंत्र दर वेळी ती नोंद करते. ओरेगनने २०१५ मध्ये मैलांवर आकारणीची ऐच्छिक योजना सुरू केली तेव्हा उपग्रहाद्वारे स्थान न कळवणारे यंत्र निवडण्याची मुभा चालकांना द्यावी लागली, याचे कारणही हेच.

खडीडांबर यांचा इशारा मला मान्य आहे. वेगळा निधी कायद्याच्या एका दुरुस्तीने फुटतो. ९१ च्या टोलचा पैसा त्याच पट्ट्यातील सुधारणांवर खर्चावा, असे बंधन प्राधिकरणावर कायद्याने घातलेले आहे आणि ते येथे टिकले आहे, कारण तो आकडा लहान आहे आणि तो कुठे जातो यावर पैसे देणाऱ्यांचे लक्ष आहे. देशभराच्या निधीवर असे लक्ष कोणी ठेवू शकत नाही. म्हणून निधी रस्त्याच्या जितका जवळ तितका बरा, या वसुधा आणि मुक्तद्वार या दोघांच्याही म्हणण्याशी मी आता सहमत आहे.

माझ्यापुरते उत्तर असे: दोन गावांमधील एका महामार्गावर, शेजारी फुकटची वाट शाबूत असताना, माझी वेळ आणि जागा नोंदवली गेली तरी मी ते पत्करीन, कारण ती वाट घ्यायची की नाही हे माझ्या हाती आहे. घरापासून दवाखान्यापर्यंतच्या, शाळेपर्यंतच्या रस्त्यांवर तशी नोंद मला नको; तिथे न्यूझीलंडचा तो कागद पुरे. कोंडीचा हिशेब त्यात चुकतो, आणि ती चूक मी समजून उमजून स्वीकारतो.